दोन डाव्या बाह्या

ता. ४ मार्च, बुधवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. इकडे आम्ही जसे आहोत तसे बरे आहोत. तिकडे तुम्ही कसे आहात ते माहीत नाही, पण बरेच असाल असं धरून लिहायला बसलो आहे.

पत्ता नऊ वर्षांपूर्वीच्या पाकिटावरून उतरवला. तुझ्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं त्यात आलं होतं. तेव्हा माझा गुडघा दुखत होता म्हणून यायला जमलं नाही. म्हणजे दुखतच होता, पण तेवढा नाही. घर बदललं असशील तर हे पत्र दुसऱ्याच कुणाच्या हाती पडेल. त्यांनी कृपा करून पुढे वाचू नये.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुईत दोरा आता पुन्हा ओवता येतो. दुकान सोडून अकरा वर्षं झाली, पण खिडकीपाशी मशीन ठेवलं आहे. शेजारपाजारचे पँटी आखूड करायला आणतात, माणसं काही लांब होत नाहीत. तुझी वहिनी म्हणते, "सत्तरी ओलांडली तरी तुमचं काळजीचं दुकान मात्र चोवीस तास उघडं." तिला काय जातं म्हणायला!

एक विचारायचं होतं. तुला अजून घाम येतो का?

हसू नकोस. चिडू तर अजिबात नकोस. कारण आहे.

माझ्या थोरल्याची मुलगी, तिला आम्ही घरात खारू म्हणतो. तू तिला पाहिलेलं नाहीस. बावीस वर्षांची आहे, शिक्षिका व्हायचं शिकते आहे. त्या शिक्षणात खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांसमोर धडा घ्यावा लागतो. मागच्या बाकावर त्यांच्या मोठ्या बाई वही घेऊन बसतात आणि शेरा लिहितात. आता फळ्यावर लिहायचं म्हणजे हात वर करावाच लागतो. हिने भागाकाराचं गणित लिहायला हात वर केला तर काखेपासून कमरेपर्यंत शर्ट ओला. पहिल्या बाकावरचं एक कार्टं म्हणालं, "बाई, बाहेर पाऊस पडतोय का?" सगळा वर्ग खो खो हसला. हिने हात खाली घेतला तो घेतलाच. उरलेलं गणित फळ्याच्या तळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर लिहिलं म्हणे.

मोठ्या बाईंनी शेरा दिला: "तयारी अपुरी. घाबरते."

तयारी अपुरी! अरे, तीन दिवस ही पोर कपाटाच्या आरशासमोर उभी राहून भागाकार शिकवत होती. ऐकून ऐकून तुझ्या वहिनीला भागाकार यायला लागला.

घरी आली, शर्ट बादलीत टाकला आणि म्हणाली, "मी आता जाणार नाही." शेवटचा धडा सत्तावीस तारखेला आहे. तो घेतला नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि चार वर्षं पाण्यात. मी म्हणालो, "घाबरू नकोस म्हणजे घाम येणार नाही." ती म्हणाली, "आजोबा, मी घाबरलेच नव्हते. आधी घाम आला, मग घाबरले." मला काही उलगडा झाला नाही.

आम्ही तुरटी फिरवून पाहिली. काख कोरडी झाली नाही, नुसती खाज सुटली. शेजारणीने लिंबू सांगितलं, त्याने अशी आग झाली की पोर खोलीभर नाचली. पावडरीचा तर चिखल होतो. वहिनी म्हणाली, "आता एवढा चुना लावायचा राहिलाय."

आणि मी टेलर! मला आधी कळायला नको होतं? पाच-सहा वर्षं तिचे शर्ट मीच शिवतो आहे. दर वेळी, "आजोबा, काळंच कापड घ्या. आजोबा, काखेत मुंढा सैल ठेवा. आजोबा, बाही घट्ट नको." मी समजत होतो फॅशन आहे.

मी आजवर असं धरून चाललो की घाम कामाचा येतो, उन्हाचा येतो, तापाचा येतो, भीतीचा येतो, आणि खोटेपणाचा येतो. हिचा घाम यातल्या कुठल्या खणात ठेवू तेच समजत नाही. सकाळी गार वाऱ्यात खुर्चीवर बसून चहा पितानाही येतो. चहा पिण्यात कसली भीती नि कसला खोटेपणा?

तुलाही लहानपणापासून यायचा, म्हणून विचारलं. दुकानातली ती कोटाची भानगड मी इथे काढत नाही. ती झाली गेली.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. पण पाठव.

दादा


ता. १५ मार्च, रविवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आजोबा, आलं तर मी काय घरी नेऊन फ्रेम करून लावणार आहे?" आजकाल सगळ्यांना जिभा फुटल्या आहेत.

आम्ही खारूला डॉक्टरकडे नेलं. कातडीची डॉक्टरीण आहे, तरुण आहे. मी बरोबर गेलो, कारण थोरल्याला रजा नव्हती आणि तुझी वहिनी म्हणाली, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा तिकडे जाऊन तिचं खा."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी पाकिटाच्या पाठीवर लिहून आणलं आहे. जसं समजलं तसं सांगतो. अंग तापलं की ते गार करायला घाम हवाच. मेंदूकडून शिरांमधून घामाच्या ग्रंथींना निरोप जातो, "सोडा पाणी." काही माणसांत हा निरोप गरज नसताना जातो आणि जातच राहतो. दिव्याचं बटण बिघडावं आणि भर दुपारी दिवा जळत राहावा, तसं. माणूस अस्वच्छ म्हणून नाही. भित्रा म्हणून नाही. मग एकदा लोक हसले की "आता येईल, आता येईल" ही धास्ती बसते, आणि त्या धास्तीने आणखी येतो.

मी विचारलं, "म्हणजे आधी काय, घाम की भीती?"

त्या म्हणाल्या, "हिच्या बाबतीत आधी घाम."

खारूने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

मग मी विचारलं, "काखेतला बंद केला तर तो तुंबून दुसरीकडून फुटणार नाही का?" बाई हसल्या. "आजोबा, ते काय पिंप आहे?" मला अजून पटलेलं नाही. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, दुसऱ्या कुठल्या आजारानेही असं होतं म्हणून. तपासणीत काही निघालं नाही. एक बाटली दिली आहे. झोपताना काख अगदी कोरडी करून लावायची, सकाळी धुवायची. थोडं चुरचुरतं. फरक पडायला आठ-दहा दिवस लागतील, आणि कुणाला पूर्ण पडतो, कुणाला अर्धा. नाहीच पडला तर इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत.

मग त्यांनी विचारलं, "झोपेत येतो का घाम?" खारू म्हणाली, "नाही. झोपेत कोरडी असते." त्या म्हणाल्या, "हो, तसंच असतं."

धाकट्या, तेव्हा मला तू आठवलास. आपण दोघं एका चादरीत झोपायचो. दिवसभर तुझा सदरा पिळून काढावा असा, आणि झोपलास की खडखडीत. मी तेव्हा मनाशी असं ठरवलं होतं की झोपेत याचं मन खोटं बोलत नाही म्हणून घाम थांबतो. दहा-बारा वर्षांचा असताना ठरवलं आणि तेच पुढे वापरत राहिलो. नमुना एकदा पुठ्ठ्यावर कापला की माणूस तो पुन्हा मोजून बघत नाही.

मग बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे? आई-वडील, काका-आत्या, आजोबांच्या बाजूने कुणी? हे पुष्कळदा घराण्यात असतं."

मी म्हणालो, "नाही. कुणालाही नाही."

का म्हणालो ते सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. बाईंनी कागदावर तसं लिहिलं. येताना खारू रस्त्यात म्हणाली, "म्हणजे सगळ्या घरात एकटी मीच. माझ्यातच काहीतरी खोट आहे." मी म्हणालो, "पायाखाली बघून चाल, खड्डा आहे." खड्डा नव्हता.

तेव्हापासून गुंता झाला आहे. तुला सगळं माहीत आहेच, पण दोरा सुटतो का बघावं म्हणून लिहून काढतो.

ती गिऱ्हाइकाने परदेशातून आणलेली लोकर, करडी. उलटी बाजू वेगळी, सुलटी वेगळी. तसलं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. दोन तासांत लग्नाचे तीन कोट कापून द्यायचे होते, म्हणून त्या दिवशी आपण दोघंही टेबलावर होतो. कधी तुझ्या हातात खडू, कधी माझ्या. कापड पुरेना म्हणून घडी न घालता एकेरी अंथरलं. तसं अंथरलं की एक बाही आखून झाल्यावर पुठ्ठ्याचा नमुना पालथा करावा लागतो, तरच दुसरी बाही उजवी निघते. तो पालथा करायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या.

मालक आले. बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाले, "हे गिऱ्हाईक काय दोन्ही हात एकाच बाजूला घेऊन लग्नाला उभं राहणार आहे? कुणी आखलं?"

सहाही मशिनं थांबली. तू काही बोलला नाहीस, मीही नाही. पण तुझ्या सदऱ्यावर काखेतून डाग पसरत चालला होता. दुकानात तुला सगळे पाणपोई म्हणायचेच. काजं करणारा म्हातारा म्हणाला, "अरे, नळ बंद करा याचा."

आणि मी म्हणालो, "बघा ना मालक, काखा भिजल्यात त्याच्या. खऱ्याला घाम कशाला फुटेल?"

मी शांत उभा होतो. मला घाम येतच नाही, उन्हातसुद्धा नाही. सगळे म्हणाले, दादा बघा कसा कोरडा आहे.

आठ दिवसांनी तू गाव सोडलंस. बर्फाच्या कारखान्यात लागलास असं पुढे कुणाकडून तरी कळलं. मला वाटलं, टेलर माणूस बर्फात काय करतो? आता वाटतं, मला तेही कळायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंचं खरं असेल तर त्या दिवशीच्या घामाचा काही अर्थच नव्हता. मग मी त्यात जे वाचलं ते काय होतं?

एवढ्यावर थांबतो. तुला जमलं तर पोरीसाठी दोन ओळी लिही. तू सगळी वर्षं कसं निभावलंस तेवढंच. माझ्यासाठी काही लिहू नकोस.

तिच्या शर्टाला आतून काखेत लावायला मी दुहेरी सुती पट्ट्या शिवतो आहे, बटणाने काढता-घालता येतील अशा. चार जोड झाले.

दादा


ता. २८ मार्च, शनिवार

धाकट्या,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू काय लिहिलंस ते तुला आठवत असेलच, तरी मी इथे उतरवतो, कारण मला त्यातल्या एका ओळीला उत्तर द्यायचं आहे.

"दादा, दोन्ही पत्रं मिळाली. घाम अजून येतो, वयाने थोडा कमी. बर्फखान्यात सदतीस वर्षं काढली. तिथे आत सगळेच जाड कोट घालतात, कुणाचं काही दिसत नाही. पोरीला सांग, माझ्यासारखं बर्फात जाऊन बसू नकोस. आणि कोटाचं मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझीच होती. मी पुष्कळदा आठवून पाहिलं. खडू माझ्याच हातात असणार. तसं नसतं तर एवढा घाम कशाला आला असता?"

धाकट्या, ही शेवटची ओळ तुझी नाही. ती माझी आहे. मी तुझ्या तोंडात घातली आणि तू एकेचाळीस वर्षं ती बाळगलीस.

मला वाटायचं तू माझ्यावर चिडून गेलास. तुझा राग मी मनात धरून होतो, त्याची सवय झाली होती. तू स्वतःलाच दोषी धरून गेलास हे मला माहीत नव्हतं. आता काय धरू ते समजत नाही.

कार्ड वाचून मी ट्रंक उघडली. तुझी वहिनी म्हणाली, "आता काय काढताय?" मी म्हणालो, "बाह्या." तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

तुला आठवतं, आखून झालं की बाहीच्या माथ्यावर आपण कच्चा टाका घालायचो, खांद्याची जागा कळावी म्हणून? तू एक घालायचास. मी दोन घालायचो, एकाने माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. मालकांनी त्या बाह्या चिंध्यांत टाकल्या होत्या. त्या दिवशी दुकान बंद करताना मी त्या उचलल्या. दोन्हींवर दोन-दोन टाके होते. लाल दोऱ्याचे.

म्हणजे दोन्ही बाह्या मीच आखल्या होत्या, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मालकांसमोर बोललो तेव्हा माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तुझी काख बघून मला खरोखरच तसं वाटलं होतं. पण संध्याकाळी कळलं. तू आणखी आठ दिवस आपल्या घरात होतास. समोर बसून जेवत होतास. मी रोज सांगणार होतो. मग तू गेलास, आणि मग सांगून काय उपयोग असं मी म्हणत राहिलो.

बुधवारी मी हे सगळं खारूला सांगितलं. आधी तिला म्हणालो, "घराण्यात आहे. माझ्या सख्ख्या भावाला आहे. मी डॉक्टरांसमोर खोटं बोललो." मग बाह्या दाखवल्या. तिने त्या एकावर एक ठेवून पाहिल्या. लाल टाके बोटाने मोजले. मग म्हणाली, "आजोबा, मग त्या दिवशी तुम्हाला घाम कसा नाही आला?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही गं."

खरंच माहीत नाही. काळीज मशिनासारखं चाललं होतं, पण बाहेर एक थेंब नाही. तुझं शरीर काही केलं नसताना बोंबलत होतं, आणि माझं करूनसवरून गप्प. हे असं का केलं असेल देवाने, याचा विचार करून माझं डोकं चालेनासं झालं आहे.

ती म्हणाली, "त्यांना लिहा. तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन, आणि माझं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे."

काल ती धडा घ्यायला गेली. काळा शर्ट घातला नाही, पांढरा घातला. बाटलीने थोडा फरक आहे, थोडा पट्ट्यांचा. तरी घाम आलाच. तेच कार्टं म्हणालं, "बाई, पाऊस?" ही म्हणाली, "हो, माझ्याकडे रोज पडतो. माझ्या चुलत आजोबांकडेही पडतो. आता तू पुढची पायरी सांग." हात वर ठेवूनच म्हणाली. पोरगं म्हणे गडबडून चुकीची पायरी सांगून बसलं. शेरा काय मिळाला ते सोमवारी कळेल. मला झोप नाही. तिला आहे.

सोबतच्या पुडक्यात एक बाही पाठवतो आहे. दोन्ही डाव्याच, त्यामुळे कुठली पाठवावी हा प्रश्न पडला नाही. दोरा विटला आहे, पण टाके मोजता येतील. तुझ्या बायकोला दाखव, मुलीला दाखव. बर्फखान्यातलं कुणी अजून भेटत असेल तर त्यालाही दाखव. दुसरी माझ्याजवळ राहू दे.

तुला एक शर्ट शिवायचा आहे. चांगलं सुती कापड आणलं आहे, पांढरं. मुंढा सैल ठेवीन, आतून पट्ट्या लावीन. तुझं छातीचं आणि बाहीचं माप कळव. दोन्ही हातांचं वेगवेगळं कळव. नाही कळवलंस तर तू गेलास तेव्हाच्या चोवीस वर्षांच्या पोराच्या मापाने कापीन, तो तुला होणार नाही, आणि ती चूक कुणाची ते या वेळी मी आधीच लिहून ठेवतो.

ज्याला त्या दिवशी घाम फुटायला हवा होता तो,

तुझा दादा